आत्याचं कुंकू आणि दुसरं महायुद्ध

मी कमी बोलतो. कचेरीत, नात्यागोत्यात, गल्लीच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे माझी हीच ओळख आहे. लोक याला सभ्यपणा समजतात आणि मीही त्यांना समजू देतो. खरी गोष्ट अशी की तोंड उघडायची वेळ येते तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटते, आणि वेळ टळली की मोकळी होते. एकदा ती भर मांडवात चिकटली. त्याबद्दल मी परवापर्यंत कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आता पन्नाशी आली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. सांगून टाकतो.

आमच्या सोलापूरच्या घरात बाहेरच्या खोलीत एक फोटो होता. त्यात आमचे मामा होते. मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे त्यांना मामाच म्हणतात. अंगात खाकी, डोक्यावर टोपी, खांद्याला बंदूक. मागे रंगवलेली नदी, नदीकाठी राजवाडा आणि पाण्यात दोन हंस. आघाडीवर हंस काय करत होते, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाही पडला नाही. वडील प्राथमिक शाळेत हेडमास्तर होते. दर पंधरा ऑगस्टला ते त्या फोटोला हार घालत आणि शाळेतल्या भाषणात सांगत, "आमचे मेहुणे ब्रह्मदेशच्या आघाडीवर धारातीर्थी पडले." ते नेमके कोणाच्या बाजूने लढत होते हे वडील पटकन टाळत, कारण बाजू इंग्रजांची होती आणि दिवस स्वातंत्र्याचा. ब्रह्मदेश का, तर माझ्या मते शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तो त्यांच्या छडीच्या सहज टप्प्यात येत होता.

खरं म्हणजे मामांचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. महायुद्ध ऐन भरात असताना ते सांगोल्याकडच्या आपल्या गावातून "सोलापूरला भरती व्हायला चाललो" असं सांगून निघाले. लग्नाला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. काही दिवसांनी टपालानं हा फोटो आला. त्यानंतर पत्र नाही, मनिऑर्डर नाही, तार नाही. सासरच्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि आत्याला भावाकडे आणून सोडलं.

बारा वर्षं झाल्यावर रीतीप्रमाणे भटजी आले. बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि तो जाळायचा, म्हणजे माणूस रीतसर मेला. सगळी तयारी झाली होती. मी लहान होतो, पण आत्या अंगणात येऊन काय म्हणाली ते घरात इतक्यांदा सांगितलं गेलंय की ऐकल्यासारखंच वाटतं.

"पानांचा नवरा करून जाळणार आणि विधवा मातर मी खरीखुरी व्हायची व्हय? मग मलाबी पानांचीच करा आणि जाळा दोघांस्नी."

भटजी दक्षिणा न घेता गेले म्हणतात. आत्याचं कुंकू राहिलं, जुन्या पैशाएवढं, ठसठशीत. पण घरानं त्यावर एक मधली तोड काढली: तिनं ते लावायचं, आणि दुसऱ्या कुणी तिला लावायचं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका बाहेर बसत आणि आत्या स्वयंपाकघरात त्यांची कॉफी करी. ती नगरपालिकेच्या सूतिकागृहात आया होती. आमच्या पेठेतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे ती कुणाचीच भीड ठेवत नसे. मोठमोठ्या मिशांवाल्या माणसांना ती रस्त्यात थांबवून सांगे, "पायाकडून आला होतास रे तू. लई तरास दिलास आईला."

हे सगळं सांगायचं कारण माझं लग्न. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, टँकर थांबले होते, त्या उन्हाळ्यात ते ठरलं. मुलगी कुर्डुवाडीची, तिचे वडील रेल्वेत. बैठकीत वडिलांनी फोटोकडे बोट दाखवून ब्रह्मदेश सांगितला होता आणि मुलीकडची मंडळी भारावली होती. बांगलादेशचं युद्ध होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या झरोक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटचा काळा कागद अजून तसाच होता. लढाईला तेव्हा भाव होता.

शनिवार होता. माझी कचेरी अर्धा दिवस, वडिलांची शाळा सकाळची. जेवायला बसलो होतो आणि आई हळदीला बोलवायच्या सवाष्णींची नावं घेत होती. पाच लागतात. चार झाल्या होत्या. पाचवी म्हणून पलीकडच्या हातमाग चालवणाऱ्या मागवाल्यांच्या सुनेचं नाव निघालं. आत्या भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "पाचवी मी."

आईनं माझ्या ताटात विनाकारण मीठ वाढलं.

"अक्का, शुभकार्य आहे," वडील म्हणाले. ती त्यांची थोरली बहीण. "उगाच लोकांच्या तोंडाला विषय नको."

"कसला विषय? मेला म्हंतोस न्हवं तू त्यांना? कुटं मेले, कवा मेले, कुणी बघितलं? दाव."

"युद्धात असं कुठं कळतं अक्का."

"तुला कळलं की. ब्रह्मदेश म्हनून सांगतोस दर वर्साला."

वडील हेडमास्तर असल्यामुळे हरल्यावर त्यांचा आवाज वाढे. "मग तू दाखव जिवंत असल्याचा पुरावा! मी स्वतः तुला हळदीला बसवतो."

"दाखवते. भरती हितंच झालती की, काय लंडनला न्हाय." भाकरीची परडी खाली ठेवून ती मला म्हणाली, "चल रे नवरदेवा. ऊठ."

मी दुपारच्या झोपेचा बेत करून आलो होतो. उन्हाळ्यात सोलापूरला दुपारी कुत्रंसुद्धा गटाराबाहेर येत नाही. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं. आत्यानं फोटो भिंतीवरून उतरवला, फ्रेमसकट पदराखाली घेतला आणि आम्ही निघालो. बाहेर पडताना वडील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "किल्ला वगैरे दाखवून आण. ऐतिहासिक दृष्टी येईल."

म्हणून मी तिला आधी किल्ल्यात नेलं. ती बुरूज बघत उभी राहिली. घामानं कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं, ते तिनं बोटानं वर ढकललं.

"ही कुटली लढाई?"

"बहामनी राजांच्या वेळची."

"लई मागं आलो की. जरा अलीकडं चल."

बुरुजाच्या सावलीत कॉलेजातलं एक जोडपं बसलं होतं. आम्हाला बघून मुलगा उठला, मुलगी बसूनच राहिली आणि त्याच्यावर खेकसली. आत्या म्हणाली, "हितं चालू हाय बघ अजून."

तिथून मैदान. भरतीचा तंबू मैदानात पडायचा, एवढंच तिला गावाकडून ऐकून माहीत होतं. मैदानात रणरणत्या उन्हात पोरं क्रिकेट खेळत होती. तंबू असेल अशी एक जागा आत्यानं स्वतःच ठरवली, लिंबाच्या झाडाजवळची, आणि तिथं जाऊन उभी राहिली. मी उसाचा रस आणला. दोन्ही ग्लास तीच प्यायली.

"हितं छाती मोजायचे म्हनं," ती म्हणाली. "फुगवा म्हनायचे."

"मामांची छाती कशी होती?"

"मला काय म्हाईत? लगीन झालतं, तपासणी न्हवती झाली." मग जरा थांबून, "बारीक होते. वाऱ्यावर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे. पन गाणं लई ग्वाड म्हनायचे. लष्करात गाणाऱ्यास्नी घेतात का रे?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी तिला लष्करात नेलं. आमच्या शहरात लष्कर नावाची वस्ती आहे. कधीकाळी इंग्रजांची पलटण असल्यामुळे ते नाव पडलं. आता तिथं बेकऱ्या आहेत, शिंपी आहेत, सायकल दुरुस्त करणारे आहेत, आणि लष्कर सोडून सगळं आहे. आम्ही दुकानादुकानात फोटो दाखवत फिरलो. एका बेकरीत गल्ल्यावरच्या माणसानं फ्रेमच्या मागची बाजू उलटून पाहिली. पुठ्ठ्यावर पुसट शिक्का होता. "ये तो टेसनवाले बड़े मियाँ का है," तो म्हणाला. "अजून आहेत ते. ऐकायला कमी येतं, बोलायला नाही."

इतकी वर्षं तो फोटो आमच्या भिंतीवर होता आणि आम्ही त्याची पाठ कधी बघितली नव्हती.

आत्यानं टांगा केला. स्टेशनजवळच्या एका लॉजच्या माडीवर, लाकडी जिना चढून, तो स्टुडिओ होता. आत एक खूप म्हातारा माणूस बनियनवर आरामखुर्चीत बसून पंख्यानं वारा घेत होता. बाजूला तीन पायांचा जुना कॅमेरा होता, त्याच्या काळ्या कापडाखाली मांजर झोपलं होतं. आणि भिंतीवर नदी होती. राजवाडा होता. दोन हंस होते. रंग उडाला होता, एका हंसाची मान गेली होती, पण तेच ते.

आत्या त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हंसाच्या गेलेल्या मानेच्या जागी बोट ठेवलं.

"हेच का हो ब्रह्मदेश?" ती म्हणाली.

बड़े मियाँनी कानामागं हात धरला. मी ओरडून सगळं सांगितलं, फोटो हातात दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि हसायला लागले. दात नव्हते, त्यामुळे हसणं फुसफुस ऐकू येत होतं.

"ये वर्दी तो मेरी है!"

मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. पण त्यांनी उठून कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली आणि मूठभर फोटो काढून टेबलावर पसरले. प्रत्येकात एक एक जवान. कुणी जाडा, कुणी उंच, एक तर जेमतेम मिसरूड फुटलेला. सगळ्यांच्या मागे नदी आणि हंस. सगळ्यांच्या अंगात तीच खाकी, डाव्या खिशाचं बटण तुटलेली. सगळ्यांच्या खांद्याला तीच बंदूक. ती बंदूकही त्यांनी पेटीमागून काढून दाखवली. लाकडी होती, नळीला काळा रंग.

मी आमचा फोटो पाहिला. डाव्या खिशाचं बटण नव्हतं.

"एकच वर्दी ठेवली होती," बड़े मियाँ खूष होऊन सांगत होते. "भाड्यानं द्यायची. मोठी असली तर मागून कपड्याचे चिमटे लावायचे. समोरून हवालदार, मागून वाळवण! सोलापूरची सगळी लढाई मी एकट्यानं लढली, अम्मा. इसी खुर्ची पे."

"पन भरती झालेली मानसं भाड्याची वर्दी कशाला घालतील?" आत्यानं विचारलं. मला तो प्रश्न सुचलाच नव्हता.

"नाहीच घालत ना. भरती झालेल्याला कुठं फुरसत? त्याला त्याच दिवशी गाडीत कोंबायचे. वर्दी तिकडं, पलटणीत मिळायची." त्यांनी पसरलेल्या फोटोंवर हात फिरवला. "हे सगळे नापास. छाती कमी, वजन कमी, डोळे कमी. गावात कसं तोंड दाखवायचं? म्हणून इथं यायचे, रडायचे. मी म्हणायचो, फोटो काढ आणि घरी पाठव. पुढं काय समजायचं ते घरचे आपापलं समजतील."

घरच्यांनी समजलं होतं. नकाशात शोधून, छडी लावून समजलं होतं.

"हे आठवतात का?" आत्यानं मामांच्या फोटोवर बोट ठेवलं.

म्हाताऱ्यानं पुन्हा फोटो उजेडात धरला. "बाई, झूट कायको बोलू. चेहरा नाही आठवत. पण हे बघा." फोटोत मामांच्या कमरेजवळ शर्टाची कडा जरा ओढलेली दिसत होती. "चिमटे. चार लावले असतील तरी शर्ट ढगळ. इतका बारीक माणूस पास होत नाही. आणि पास झालेला या जिन्यावर चढतच नाही. हा परत पाठवलेला, लिहून देतो पाहिजे तर."

"मग गेले कुटं?"

"खाली उतरले की समोर स्टेशन. मद्रासची गाडी, बंबईची गाडी. बहुत गए वैसे."

आत्या खुर्चीवर बसली. मला वाटलं, ही आता रडणार. लढाईत मेला असता तर एक गोष्ट होती. हा तर छातीत नापास झाला, लाजला आणि ताज्या बायकोला सोडून कुठल्यातरी गाडीत बसून गेला. मी काहीतरी समजूत घालायची म्हणून तोंड उघडलं, आणि ती हसत सुटली. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मांजर कापडाखालून उठून पळालं.

"नापास झाले!" ती म्हणाली. "आरं, मेले न्हाईत! नापास झालेत नुसते!"

परतताना टांग्यात ती फोटो मांडीवर घेऊन बसली होती. रेल्वे लाइन्सची वस्ती येईस्तोवर हसू येत होतं तिला मधे मधे. मग ते थांबलं.

"हितंच सात रस्त्याच्या चौकात असंल न्हाय तर मद्रासला, मला कुटं घरी आणायचाय?" ती स्वतःशीच बोलत होती. "दुसरी केली असंल त्यानं. गाणं म्हनत असंल तिच्याम्होरं. म्हनू दे. पन जिता हाय तवर मी सवाष्ण. हे तरी मला माझं दे, बाबा."

मग मला म्हणाली, "आज घरात बोलू नगं. तुझा बाप फोटोवाल्यालाच येडा ठरवंल. हळदीच्या दिवशी सगळ्या बायांम्होरं सांगते. तू हाईस की साक्षीला. सांगशील न्हवं?"

"सांगेन की," मी म्हणालो. इतकं सरळ उत्तर मी त्याआधी किंवा त्यानंतर कुणाला दिलेलं नाही.

घरी तिनं फोटो पुन्हा भिंतीवर लावला. वडिलांनी विचारलं, "काय पाहिलंत?" ती म्हणाली, "हंस."

त्यानंतरच्या दिवसांत मी जे केलं ते चांगलं आठवतं, कारण मी काहीच केलं नाही. वडिलांना आधी एकटं गाठून सांगावं असं रोज वाटे. मग वाटे, कुर्डुवाडीला कळलं तर? ब्रह्मदेशावर जुळलेलं लग्न भाड्याच्या खाकीवर मोडलं तर? मुलगी मला आवडली होती. फार आवडली होती. एकदाच पाहिली होती आणि ती माझ्याकडे बघून न हसता पोह्यांची बशी पुढं करताना म्हणाली होती, "तिखट झालेत, सांगून ठेवते." मला ती गमवायची नव्हती. एवढाच माझा बचाव, आणि तो पुरेसा नाही हे मला कळतं.

हळदीच्या दिवशी मी पाटावर बसलो, उघडा, हळदीनं पिवळा. मुलीकडच्या बायका उष्टी हळद न्यायला आल्या होत्या, त्यांत तिची आजीही होती. चार सवाष्णी झाल्या, पाचवी मागवाल्यांची सून पुढं येत होती, तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून आली. नवं लुगडं, हातभर बांगड्या. आईला काही कळायच्या आत ती पाटाशेजारी बसली आणि हळदीच्या वाटीत तिनं बोटं घातली.

कुठल्यातरी पोरीनं नेहमीसारखं ओरडून दिलं, "नाव घ्या, नाव घ्या!" मग तिला कळलं आपण कुणाला म्हणालो, आणि तिनं जीभ चावली. पण आत्या तयारच होती. मामांचं नाव मी इथं लिहीत नाही; अमुकराव म्हणू.

"गेले होते लढाईला, छाती भरली कमी,
अमुकराव नापास झाले, म्हणून सवाष्ण मी."

आधी हशा झाला. मग तो मागच्या रांगेपासून पुढं विझत आला.

"म्हणजे?" मुलीची आजी म्हणाली. "ते लढाईत नव्हते का पडले?"

आत्यानं चार वाक्यांत सगळं सांगितलं. स्टुडिओ, एकच वर्दी, चिमटे. ती खुलली होती, हळदीचा हात हवेत नाचवत होती. वडील मांडवाच्या कडेला उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावले नव्हते ते. घाबरले होते. शाळा, पंधरा ऑगस्ट, गल्ली, व्याही, सगळं एकदम त्यांच्याकडे वळून बघत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हेडमास्तरच्या आवाजात विचारलं, "तू बरोबर होतास ना रे? असं काही म्हणालं कुणी?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. आत्याही. ती हसतच होती, तिला खात्री होती.

मी म्हणालो, "मला माहीत नाही. मी खाली पान खात होतो."

मी पान खातच नाही. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. तरी कुणी काही बोललं नाही, कारण उत्तर सोयीचं होतं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मुलीच्या आजीकडे वळून ती म्हणाली, "व्हय की. खालीच होता ह्यो. मीच इसरले. म्हातारपण, दुसरं काय." वाटीतली बोटं तिनं वाटीच्या काठाला निपटली, उठली आणि आत गेली. मागवाल्यांची सून बसली. हळद पुढं सुरू झाली.

ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मी आज हे लिहीत नसतो. तिनं मला सांभाळून घेतलं. मांडवात माझी लाज राहावी म्हणून ती स्वतः वेडी ठरली. आणि मी? मी लाडू खाल्ले, अक्षता घेतल्या, कुर्डुवाडीची मुलगी घरी आणली.

त्यानंतर आत्यानं तो विषय काढला नाही. माझ्या मुलीला तिनंच स्वतःच्या हातावर घेतलं, नाळ कापली, पाय धरून उलटी करून रडवली. पण बारशाला पाळण्यात घालायला सवाष्णी बोलावल्या, तेव्हा ती आत घुगऱ्या परतत होती. मी कढईचा आवाज ऐकत बाहेर बसलो. वडील गेले, आई गेली. फोटोला हार घालायचं काम माझ्या बायकोकडे आलं, आणि ती ते मनापासून करी.

गेल्या महिन्यात आत्या न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. या वयात काही करण्यात अर्थ नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून घरी आणलं. बाहेरच्या खोलीत, फोटोखालीच खाट टाकली. परवा सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन आलो, तर स्वयंपाकघरात बायको आणि धाकट्या भावाची बायको हळू आवाजात बोलत होत्या. वेळ आली तर कसं न्यायचं. पांढरं नेसवायचं की सवाष्णीसारखं हिरवं, ओटी भरायची की नाही, आणि हे कुणाला विचारायचं. "विचारायचं कुणाला, लढाईत गेलेत हे माहीतच आहे की," भावजय म्हणाली.

मी दारात उभा होतो. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

"मी खाली पान खात नव्हतो," मी म्हणालो.

दोघींनी वळून पाहिलं. बायकोला वाटलं, माझा रक्तदाब वाढला. ती पाणी आणायला निघाली. मी तिला थांबवलं आणि सांगितलं. हंस, बटण, लाकडी बंदूक, चिमटे, सगळं. बड़े मियाँ काय म्हणाले ते आणि मी मांडवात काय म्हणालो तेही. मध्ये कुठं थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

बायको ओट्याला टेकली. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी हार घालत होते कुणाला?"

"मामांना."

"आणि त्या माऊलीला मी एकदाही कुंकू लावलं नाही." एवढं बोलून ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की त्याचा हिशेब अजून व्हायचाय हे मला कळलं. तो होईल. व्हायलाच पाहिजे.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. हाड मोडलंय, कान शाबूत आहेत.

"आता सुटलं का रे तोंड, मुडद्या?"

आम्ही तिघंही खाटेपाशी गेलो. ती छताकडे बघत पडली होती. मी पायाशी बसलो. मला पाय धरायचे होते, पण मोडलेला कुठला ते आठवेना.

"आत्या, चुकलो मी."

"व्हय, चुकलास. ते काय आज कळलं व्हय मला?" ती म्हणाली. "तवा लई राग आलता. चुलीत घालावासा वाटलास. मग म्हनलं, ह्येची पन छाती कमीच भरली, दुसरं काय."

बायको कोयरी घेऊन आली. वाकून तिनं आत्याला कुंकू लावलं. जरा वाकडं लागलं. आत्यानं डोळे मिटून लावून घेतलं आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "त्या हिरव्याचं काय बोलत होता गं तुमी आत?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हिरवंच नेसवू, आत्या. मी सांगतो सगळ्यांना."

"हिरवं नगं," आत्या म्हणाली. "हिरव्यात मी बेडकीवानी दिसते. पेटीत अंजिरी हाय, जरीकाठाचं. ते धुऊन ठिवा. आणि धा वेळा इचारू नगा."